१९४३ची थ्री-नॉट-थ्री आणि १९३०चं दालन

सर, तुमचा प्रश्न सविस्तर होता, म्हणून उत्तरही तसंच देतो. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. सोलापुरातल्या एका वाचनालयाला एक जुनी लष्करी .३०३ रायफल, म्हणजे थ्री-नॉट-थ्री, मिळाली आहे, निकामी करून दिलेली. तिच्यावर मुकुट, जी.आर.आय., इशापूर, १९४३ आणि नंबर १ मार्क ३ स्टार असे शिक्के आहेत. बटावर, म्हणजे खांद्याला टेकतो त्या मागच्या लाकडावर, डी.पी. ही अक्षरं आणि पांढरे पट्टे आहेत. लाकडावर कुणीतरी चकचकीत पॉलिश मारलंय, वरचा पुढचा हँडगार्ड (नळीवरचं लाकडी आवरण) गायब आहे, बोल्टवरचा (गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) नंबर बॉडीच्या (लोखंडी सांगाड्याच्या) नंबराशी जुळत नाही आणि मॅगझिनच्या पुढे लाकडातून एक आडवा स्क्रू आरपार गेला आहे. समितीचा बेत असा, की ती १९३०च्या मार्शल लॉच्या दालनात चार हुतात्म्यांच्या तसबिरींसमोर ठेवायची आणि त्यासाठी ‘त्या काळातली’ दिसेल अशी करायची. बाहेरगावचा एक विक्रेता कट-ऑफ, व्हॉली साइट, लांब संगीन आणि ‘चालू बोल्ट’ असा १९१६चा संच देतो म्हणतोय. घ्यावा का?

घेऊ नका. कारणं पुढे सांगतो. त्याआधी माझ्याबद्दल एवढंच, की मी आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. नोकरीतली बरीच वर्षं कोतात, म्हणजे शस्त्रागारात, याच जातीच्या रायफली उघडण्या-जोडण्यात गेली. निवृत्तीनंतर दोन-चार संस्थांच्या काचेच्या कपाटातली हत्यारं नीट करून दिली. पंडित नाही, हातानं काम केलेला माणूस आहे.

आधी कागदाचं बोलू, कारण लोक हे शेवटी विचारतात आणि मग अडकतात. शस्त्र अधिनियम १९५९च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. म्हणजे तो ‘चालू बोल्ट’ नुसता लोखंडाचा तुकडा नाही, कायद्याच्या दृष्टीनं ते शस्त्र आहे. त्यातून .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतला व्यास). त्याचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, तो विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. तुमची रायफल आज कपाटात राहू शकते ती ४५व्या कलमातल्या सवलतीमुळे. जे जुन्या बनावटीचं किंवा मोडकं हत्यार दुरुस्त करूनही चालू होणार नाही, त्याला ती सवलत आहे. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द नीट वाचा. तिच्यात चालू बोल्ट बसवला, की ज्या पायावर तुमची संस्था उभी आहे तोच तुम्ही उकरलात. शिवाय शस्त्रदुरुस्तीचं काम करायला ५व्या कलमाप्रमाणे परवाना लागतो, आणि बाहेरच्या देशातून भाग मागवायचे तर त्यालाही.

तेव्हा पहिलं काम असं करा. निकामी केल्याचा जो कागद रायफलबरोबर आला असेल, त्याच्या प्रती काढा. नळी कुठे कापली आहे, बोल्टचं तोंड कुठे वेल्ड केलं आहे, फायरिंग पिन आहे की नाही, याचे फोटो घ्या. वाचनालय शहरात आहे म्हणजे तुमचा अर्ज पोलीस आयुक्तालयात जाईल. अक्कलकोट किंवा बार्शीला असतं तर जिल्हाधिकारी कार्यालयात गेला असता. अर्जात ‘लाकूड आणि बाहेरचा धातू स्वच्छ करणे, हरवलेला लाकडी भाग नवा बनवणे’ एवढंच लिहा आणि लेखी उत्तर येईपर्यंत एकही स्क्रू फिरवू नका. तोंडी ‘करा हो, काही होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. ते नंतर सापडत नाहीत.

आता मूळ प्रश्न: काळाशी जुळणारे भाग. हा छंद असलेल्यांची एक सवय असते. रायफल कोणतीही असो, तिला पहिल्या महायुद्धातल्या फोटोसारखी करायची. तो फोटो देखणा असतो हे खरं. पण भाग जुळवायचे ते त्या रायफलच्या स्वतःच्या जन्माशी आणि नोकरीशी. आपल्याला आवडणाऱ्या लढाईशी नाही.

तुमच्या रायफलचा जन्म तिच्या अंगावरच लिहिलेला आहे. बटाच्या पुढे, मूठ धरतो तिथे, उजव्या बाजूला लोखंडी कॉलरवर जे शिक्के आहेत ती तिची जन्मपत्रिका. इशापूर म्हणजे कोलकात्याजवळ हुगळीकाठचा रायफल कारखाना, १९०४चा. जी.आर.आय. म्हणजे राजा-सम्राट जॉर्ज, लॅटिन आद्याक्षरं. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभ आला. आणि तो शेवटचा स्टार. तो शोभेचा नाही. मार्क ३ ही रायफल १९०७ची. पहिल्या महायुद्धात कारखान्यांना इतक्या रायफली पुरवणं जमेना, तेव्हा १९१६ साली काही भाग गाळून तिची सोपी आवृत्ती मंजूर केली, ती मार्क ३ स्टार. गाळलं काय? मॅगझिनवर आडवी सरकणारी कट-ऑफची पट्टी, जिच्यामुळे मॅगझिन राखून एकेक गोळी भरता यायची. फार लांबच्या घोळक्यावर सगळ्या तुकडीनं मिळून मारा करण्यासाठी डाव्या बाजूला असलेली व्हॉली साइट. आणि मागच्या साइटची, म्हणजे नेम धरायच्या पट्टीची, डावी-उजवीकडे सरकवायची सोय. म्हणजे विक्रेता तुम्हाला जे विकतोय, ते सगळं या रायफलमध्ये नाही हे सांगण्यासाठीच तो स्टार मारलेला आहे.

बसवायचंच ठरवलं तर काय होईल तेही सांगतो. कट-ऑफसाठी बॉडीच्या उजव्या बाजूला खाच लागते. ती नसेल तर मिलिंगवर बॉडी कापावी लागेल. व्हॉली साइटसाठी पुढच्या लाकडात चकतीची जागा कोरावी लागते आणि तिचा मागचा दांडा सेफ्टीजवळ बसतो. म्हणजे १९४३चं लाकूड फेकून दुसरं आणावं लागेल. इतकं केल्यावर हातात येईल ती ना १९१६ची रायफल, ना १९४३ची. जाणकार माणूस कपाटासमोर उभा राहिला, की पहिल्यांदा शिक्का वाचेल, मग डावीकडे बघेल आणि हसेल.

तरीही समितीचा खरा हट्ट भागांचा नाही, १९३०चा आहे, हे मला कळतं. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. सोलापूरच्या शाळेतल्या पोराला ही चार नावं पाठ असतात. त्यांच्यासमोर रायफल ठेवायची आणि खाली ‘मार्शल लॉच्या वेळची’ अशी पाटी लावायची, तर ती पाटी खोटी ठरेल. ही रायफल तेव्हा जन्मलेलीच नव्हती, त्यानंतर तेरा वर्षांनी ती कारखान्यातून बाहेर पडली. कितीही अस्सल भाग बसवले तरी तिला १९३०ची साक्षीदार करता येणार नाही. आणि ज्या दालनात चार माणसांच्या फाशीचा विषय आहे, तिथे एकही वस्तू उसन्या वयाची नको, असं माझं मत आहे.

दोनच रस्ते आहेत. तिला त्या दालनातच ठेवायचं असेल तर पाटी खरी लिहा: ‘१९३०मध्ये ब्रिटिश फौजांकडे याच घराण्याची रायफल होती. ही प्रत १९४३ची, इशापूर.’ एवढ्यानं काही बिघडत नाही, लोकांना फरक कळतो. नाहीतर तिला तिचं स्वतःचं दालन द्या. १९४३ हे साल काही किरकोळ नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं होतं. जिल्ह्यातल्या किती गावांतून माणसं तेव्हा भरती झाली, त्यांच्या घरी पेन्शनची पुस्तकं आणि पदकं अजून ट्रंकेत असतील. ती मागवा. रायफल एकटी बोलत नाही, शेजारी पदक आणि पत्र ठेवलं की बोलते. मला विचाराल तर मी दुसरा रस्ता धरीन.

हे ठरलं असं समजून आता कामाकडे वळतो.

आधी काय काढायचं नाही ते सांगतो. तो आडवा स्क्रू तुम्हाला ‘कुणीतरी केलेलं जुगाड’ वाटला. ते जुगाड नाही. इशापूरच्या रायफलींमध्ये पुढचं लाकूड फाटू नये म्हणून असा मजबुतीचा स्क्रू घालत, आणि तो इशापूरची ओळख मानला जातो. लांबी भरून तो बुजवला तर रायफलचा एक दाखला गेला. तसंच पांढरे पट्टे आणि डी.पी. डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज, कवायतीपुरती. लढाई संपल्यावर या रायफली पोलीस, होमगार्ड आणि एन.सी.सी.कडे उतरत गेल्या. ज्या गोळी चालवायला लायक राहिल्या नाहीत, त्यांच्यावर डी.पी. मारून पोरांना ‘बाजू शस्त्र’ शिकवायला दिलं. तुमच्या रायफलनं युद्धापेक्षा मैदानावरच जास्त आयुष्य काढलं असणार. तो तिचा इतिहास आहे आणि सुरक्षेची खूणही. पट्टे उडालेले असतील तर तसेच राहू द्या. नवे रंगवू नका, जुने खरवडू नका.

मुंबईत २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्रीच होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताक दिनाला. एवढं लांब आयुष्य असलेल्या हत्याराचा एकच ‘बरोबर’ काळ कुठला धरायचा? मी काम करताना एक साल ठरवतो आणि त्यानंतरची कारखान्यातली किंवा खात्यातली प्रत्येक दुरुस्ती ठेवतो. काढतो ते फक्त खाजगी हौसेनं चढवलेलं. तुमच्या बाबतीत तसं एकच आहे, ते चकचकीत पॉलिश.

पॉलिश काढायला काचपेपर हातात घेऊ नका. या एका वाक्यासाठी सगळं उत्तर लिहिलं असं समजा. बटाच्या उजव्या गालावर, मागच्या बाजूला, पुढच्या लाकडाच्या खाली नोजकॅपजवळ (नळीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी टोपीजवळ) बारीक ठसे असतात: तपासनिसाचे, दुरुस्तीचे, कधी रायफलचा नंबर. काचपेपरनं ते पाच मिनिटांत जातात आणि परत येत नाहीत. शिवाय लाकूड धातूच्या कडेपेक्षा खोल जातं. मूळ रायफलीत लाकूड धातूपेक्षा केसभर उंच असतं, बोट फिरवलं की कळतं. घासलेल्या रायफलीत धातूची कड बोटाला टोचते. मी कुठल्याही रायफलीवर पहिल्यांदा बोटच फिरवतो.

पेंट रिमूव्हर ब्रशनं लावा, पॉलिश फुगलं की लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं हलक्या हातानं ओढा, मग स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. ठशांच्या जागी जुना दात घासायचा ब्रश. पांढऱ्या पट्ट्यांना आधी टेप लावून झाका, नाहीतर रिमूव्हर तेही घेऊन जाईल. लाकडात वर्षानुवर्षांचं काळं तेल मुरलेलं असेल तर खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झाडा; तेल भुकटीत येतं. लोक हे काम वेगानं व्हावं म्हणून एप्रिलच्या उन्हात ठेवतात. सोलापूरचं ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला जातं, त्यात उघडं अक्रोड तडकतं. सावलीत ठेवा, दोन दिवस जास्त लागू द्या. दबलेल्या खुणांवर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, वाफेनं रेषा फुगून वर येतात. सगळ्या येणार नाहीत आणि सगळ्या आणूही नका. कवायतीच्या रायफलीचा बट जमिनीवर आपटून आपटूनच तसा झालेला असतो.

मग तेल. या रायफलीच्या लाकडाला कारखान्यात आणि पलटणीतही कच्चं जवसाचं तेल लावत. आपल्याकडे जवस चटणीत आहे, शेतात आहे, घाण्यावर तेलही मिळतं. तेच आणा. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते रंगाऱ्यांचं. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूचे क्षार असतात, थर चढतो आणि चमक येते. चमक हीच तर आपल्याला घालवायची आहे. बोटांवर थोडं तेल घ्या, तळहाताची ऊब येईपर्यंत चोळा, अर्ध्या तासानं उरलेलं सगळं पुसून काढा. पुन्हा दुसऱ्या दिवशी. घाई केली आणि जाड थर दिला, तर तो चिकट राहतो आणि आपल्या गावची धूळ त्यावर कायमची बसते.

एक धोक्याची गोष्ट. जवसाच्या तेलाचे बोळे करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि दाबून ठेवलेल्या फडक्यांना काडी न लावता आग लागते. हे ऐकीव नाही, रसायनशास्त्र आहे. फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. वाचनालयाच्या तळघरात, रद्दीशेजारी तर अजिबात नको.

लाकूड उतरवायचं असेल तर क्रम पाळा. बहुतेक फाटलेली लाकडं मी क्रम चुकवल्यामुळेच फाटलेली पाहिली आहेत. बट आधी काढायला सोपा दिसतो: पितळी बटप्लेटची झडप उघडली, आतली चामड्याची गुंडी काढली, लांब स्क्रू ड्रायव्हर घातला, की बट धरून ठेवणारा लांब बोल्ट (गोळी भरायचा तो नव्हे) फिरतो. पण त्या बोल्टाचं पुढचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागे बसवलेल्या पत्र्यात अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला, की चौकोन फिरतो आणि लाकूड मागून चिरतं. आवाजही येतो, बारीकसा. म्हणून आधी नोजकॅप, मग मधली पट्टी आणि वरचे हँडगार्ड, मग ट्रिगर गार्ड, मग पुढचं लाकूड, आणि सगळ्यात शेवटी बट. आतल्या पट्टीच्या स्क्रूखाली एक छोटी स्प्रिंग असते आणि नोजकॅपच्या मागे लाकडात आणखी एक खुंटी-स्प्रिंगची जोडी. या दोन्ही उडून जातात. खाली पांढरी चादर अंथरून काम करा. मागचा हँडगार्ड साइटच्या दोन्ही बाजूंनी पातळ कानांसारखा येतो. तो सरळ वर ओढला की कान मोडतात, नळीवरच्या चिमट्यातून हळू सोडवावा लागतो. खरं सांगायचं तर तुमचा बट घट्ट असेल, हलत नसेल, तर तो काढूच नका. प्रदर्शनाच्या वस्तूला तेवढी गरज नाही.

स्क्रूंचे आटे मेट्रिक नाहीत. लेथवाल्याकडे नेऊन ‘असाच एक करून दे’ म्हटलं, तर तो जवळचा आटा पाडेल आणि मूळ भोक बिघडवेल. खाचेचं तोंड न मोडता स्क्रू काढायचा असेल, तर स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत गच्च बसायला हवं, पाचरीसारखं निमुळतं नको. गिरणगावातले जुने फिटर हे पातं घासून द्यायचे. अजून एखादा सापडला तर त्यालाच धरा. अडलेल्या स्क्रूला रॉकेल घालून रात्रभर सोडा, सकाळी पुन्हा घाला. हातोडी लांब ठेवा.

धातूचं काम सगळ्यात कमी करा. बफिंग मशीन बंद. शिक्क्यांच्या कडा त्यात गोल होतात आणि एकदा गोल झाल्या की रायफल साबणाच्या वडीसारखी दिसते. निकेल किंवा क्रोम चढवणं तर नकोच, मानवंदनेच्या रायफलींना ते शोभतं. गंजाची फोडं तांब्याच्या जुन्या पैशानं, पातळ तेल लावून खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, गंज निघतो आणि खाली ओरखडा येत नाही. छोटे सुटे भाग, बटप्लेटचे स्क्रू वगैरे, लालसर गंजले असतील तर डिस्टिल्ड पाण्यात (बॅटरीत घालायला मिळतं ते, ॲसिड नव्हे) उकळा. लाल गंजाचा काळा होतो, तो अगदी बारीक स्टील वूलनं पुसला की खाली करडा-काळा रंग राहतो आणि तो जुन्या रंगात मिसळून जातो. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांचे डाग पडतात.

आणि काळा रंग खरवडण्याआधी थांबा. इशापूरनं नंतरच्या काळात दुरुस्त केलेल्या बऱ्याच रायफलींवर काळा रंगच असतो. लाकडाखाली झाकलेल्या भागात बघा. तिथेही तोच रंग, तीच जाडी असेल तर तो खात्याचा समजा आणि ठेवा. फक्त वरवर, लाकडाच्या कडेपर्यंत फवारलेला असेल तर तो कुणाच्या तरी दिवाळीच्या साफसफाईतला. तो थिनरनं जाईल.

बोल्टचा नंबर जुळत नाही याची खंत तुम्ही दोनदा लिहिली आहे. बॉडी, बोल्टची मूठ, नोजकॅप, साइटची पट्टी आणि पुढचं लाकूड या सगळ्यांवर एकच नंबर असला, तर रायफल ‘जुळती’ म्हणतात, आणि जुळती असणं चांगलंच. पण कवायतीच्या रायफलीत बोल्ट बदललेलाच असतो. कोतात पन्नास बोल्ट एका टोपलीत धुवायला पडले, की कोण कुणाचं हे कोण बघतो? ती तिच्या नोकरीची खूण आहे. काही लोक जुना नंबर घासून नवा ठोकतात. परदेशात त्याला फसवणूक म्हणतात आणि आपल्याकडे तर शस्त्राची ओळखखूण पुसणं, बदलणं हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हाच आहे. हातही लावू नका.

हरवलेला पुढचा हँडगार्ड मात्र करायला हवा, कारण त्याच्याविना नळी उघडी दिसते आणि आकारच चुकतो. मूळ मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी वर्ष-वर्ष थांबायची तयारी ठेवा आणि घेतानाही परवानगी काढा. नाहीतर सुताराकडून करून घ्या. अक्रोडाचा तुकडा मिळाला तर तोच. शिसवी जड आणि रेषा वेगळी, सागाला रंग चढवावा लागतो. मागच्या हँडगार्डवरून गोलाई घ्या. रंग जवळपास जुळला की बास, हुबेहूब करायचा अट्टाहास नको. आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कोणी आणि कोणत्या साली केला हे पेनानं नाही, कोरून लिहा. पन्नास वर्षांनी जो आर्मरर हे उघडेल, त्याला तुमचं लाकूड आणि इशापूरचं लाकूड वेगळं ओळखू यायला हवं.

संगीन हवीच असेल तर विक्रेत्याची लांब नको. सतरा इंची पात्याची १९०७ नमुन्याची संगीन पहिल्या महायुद्धात शोभते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आखूड, बारा इंची पात्याच्या संगिनी बनल्या, त्यातली तुमच्या सालाशी जुळेल. तिच्याबद्दलही त्याच अर्जात विचारा. आणि पट्टा! रायफलचा पट्टा म्हणजे शेवटी सुती नवार, दोन्ही टोकांना पितळी तोंडं. मूळ पट्टा मिळेपर्यंत खाकी नवार लावली तरी चालेल, आणि ती विणणारे हात सोलापुरात शोधायला लांब जावं लागणार नाही. पाटीवर ‘पट्टा नवा’ एवढं लिहा. चामड्याचा तुकतुकीत पट्टा सिनेमात बरा दिसतो.

कपाटाबद्दल दोन गोष्टी. कोतात आम्ही चिंदीला तेल लावून पुलथ्रू (नळी पुसायची दोरी) ओढायचो आणि बाहेरही तेलाचा हात फिरवायचो, कारण रायफल रोज वापरात होती. काचेमागे तेल धूळ धरतं. धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि त्यानंतर सुती हातमोज्यांशिवाय शिवू नका. घामाच्या मिठानं बोटाचा ठसा गंजून उमटतो. रायफल दोन ठिकाणी टेकवा, बटाजवळ आणि मधल्या पट्टीजवळ, टेकूवर धुतलेलं कोरं सुती कापड. रेक्झिन नको, त्यातून येणाऱ्या वाफांनी पितळ हिरवं पडतं. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर जागा बदला.

खंडेनवमीला समिती पूजा करणारच, त्याला नाही म्हणू नका. पण ओलं गंध आणि हळदीकुंकू धातूला लागलं की ओल धरून बसतं. मी उघडलेल्या कित्येक रायफलींच्या नोजकॅपखाली गंजाचा पहिला ठिपका तिथेच होता, कुंकवाच्या बोटाएवढा. पाटावर लाल कापड घालून रायफल ठेवा, गंध कापडाला लावा, फूल शेजारी ठेवा आणि संध्याकाळी कोरड्या फडक्यानं एकदा पुसा.

परवानगीचं लेखी उत्तर आलं, की शिक्क्यांचे जवळून काढलेले फोटो पाठवा: बटाच्या कॉलरचा, नळीच्या मुळाशी असलेला, आणि पुढच्या लाकडाच्या खालचा. नळीवरचं साल १९४३ पेक्षा वेगळं निघालं, तर तिची नळी मध्येच बदलली आहे असं समजायचं आणि पाटीवर एक ओळ वाढवायची. विक्रेत्याला आजच नाही म्हणून कळवा, आगाऊ रक्कम मागत असेल तर विशेषच.